वैकुंठीचा राजा की पाताळीचा?

येशूला क्रुसावर खिळल्यावर त्याच्या डोक्यावर एक पाटी लावली गेली आणि तिच्यावर त्याचा गुन्हा लिहिला होता: यहुद्यांचा राजा. चारही शुभवर्तमानांत तपशिलांचे पुष्कळ फरक आहेत, पण ही पाटी चौघांनीही नोंदवली आहे. ती रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने लागली, म्हणजे रोमच्या दप्तरी हा माणूस राजद्रोही म्हणून मेला. ख्रिस्ती श्रद्धेतल्या मशीहाच्या प्रतिमेचा विचार इथूनच सुरू करावा लागतो. यहुदी लोक ज्याची वाट पाहत होते तो दावीदाच्या वंशातला, तेलाने अभिषेक झालेला राजा होता. तो परक्याचे जोखड मोडील, गरिबाला न्याय देईल, तलवारींचे फाळ होतील, अशी संदेष्ट्यांची भाषा होती. हे राज्य जमिनीवर यायचे होते. त्यात शेते होती, द्राक्षमळे होते, आपल्या झाडाखाली निर्धास्त बसलेली माणसे होती. असा राजा गुन्हेगाराचे मरण मेला, तेव्हा त्याच्या शिष्यांना सगळ्या जुन्या प्रतिमा नव्याने लावून पाहाव्या लागल्या. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला निमूटपणे मार सोसणारा सेवक, वल्हांडणाचा कोकरा, मेघांवर बसून न्याय करायला परत येणारा मानवपुत्र, या सगळ्या प्रतिमा त्यांनी एकाच माणसावर आणून बसवल्या. तेव्हापासून ख्रिस्ती मशीहा एकाच वेळी राजाही आहे आणि बळीही आहे. त्याचे राज्य नेमके कुठे, हा प्रश्न मात्र सुटला नाही. पुढे मिशनरी ही प्रतिमा घेऊन ज्या ज्या मुलखात गेले, तिथे तिथे तो नव्याने उभा राहिला. मराठी भाषेने त्याला चारशे वर्षांत फार वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. त्यांतले मूळ अपेक्षेच्या सर्वांत जवळचे उत्तर चर्चच्या बाहेरून आले, असे माझे मत आहे.

पहिले उत्तर गोव्यातले. साष्टी महाल 1543 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला आणि 1560 च्या दशकात तिथली देवळे पाडली गेली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळले. 1560 मध्येच गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले होते. 15 जुलै 1583 ला कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले, आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना असोळणेच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून मारण्यात आले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट त्या काळात याच साष्टीत काम करत होता. तो 1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाला आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोचला. त्याने लिस्बन सोडले तेव्हा ते शहर स्वतःच एका राजाची वाट पाहत होते. आदल्या वर्षी तरुण राजा सेबॅस्तियन मोरोक्कोच्या रणात पडला होता. तो मेला यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही; तो लपून आहे, एक दिवस परत येईल, ही श्रद्धा पुढे कित्येक पिढ्या टिकली. पुढच्या शतकात आंतोनियो व्हिएरा या जेझुइटाने पोर्तुगालच्या राजाच्या हातून पृथ्वीवर पाचवे साम्राज्य येणार असे भाकीत मांडले आणि त्यापायी इन्क्विझिशनची कैद भोगली. म्हणजे मशीहाचे राज्य जमिनीवर येणार, ही कल्पना पोर्तुगिजांना परकी नव्हती. ते राज्य पोर्तुगालचे असणार, एवढेच त्यांनी गृहीत धरले होते.

अशा मुलखात 1616 मध्ये राशोल इथे स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. भाषा मराठी, तिच्यात कोकणीचे मिश्रण, छंद ओवी, लिपी रोमन. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतचा जुना करार आहे आणि दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. पहिल्या पुराणाला छत्तीस अवस्वरू म्हणजे अध्याय आहेत आणि चार हजारांहून अधिक ओव्या. ग्रंथाचा सुमारे दोन पंचमांश भाग ख्रिस्त जन्माला येण्याआधीच संपतो, आणि हे प्रमाण मला फार बोलके वाटते. नवख्या लोकांना धर्म शिकवायचा तर येशूचा जन्म, चमत्कार, मरण आणि पुनरुत्थान एवढे पुरले असते. स्टीफन्सने आपल्या श्रोत्यांना आधी वाट पाहायला लावले. ग्रंथाची सुरुवातच अशी आहे की एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला काही द्याल की नाही? ज्यांच्या कथा हिरावल्या गेल्या होत्या अशा माणसांचा हा प्रश्न होता. त्यांना स्टीफन्सने मिसरात गुलामी केलेल्या, बाबेलला पाडाव होऊन गेलेल्या, मंदिर उद्ध्वस्त झालेल्या एका समाजाची कथा ओवीत सांगितली. साष्टीतल्या माणसाला मंदिर पडणे म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पण ही वाट जिथे पोचते, ते ठिकाण स्टीफन्सने काळजीपूर्वक निवडले आहे. त्याचा स्वर्ग म्हणजे वैकुंठ. त्याचा ख्रिस्त तारक आहे, पाप आणि मरण यांच्यावर विजय मिळवणारा आहे, आणि त्याचे सिंहासन वैकुंठात आहे. भक्तिपरंपरेत वाढलेल्या श्रोत्याच्या कानाला हे लगेच पटणारे होते, आणि इतक्या सहजपणे परक्या धर्माची गोष्ट मराठीत आणणाऱ्या या इंग्रजाच्या प्रतिभेला तोड नाही. तरीही या निवडीचा परिणाम पाहिला पाहिजे. राजा वैकुंठात गेला की साष्टीत व्हाइसरॉयला प्रतिस्पर्धी उरत नाही. पोर्तुगालच्या राजाला पाद्रोआदोच्या हक्काने चर्चवरच अधिकार होता. बिशप कोण व्हावा यात त्याचा शब्द चाले. त्या व्यवस्थेत मशीहाच्या राज्याचा पृथ्वीवरचा अर्थ उघडपणे मांडणे कुणाही पाद्रीला शक्य नव्हते, आणि धर्मसत्तेच्या परवानगीशिवाय एक पानही छापता येत नव्हते.

यावर आक्षेप येईल की स्वर्गाचे राज्य हा ख्रिस्ती शिकवणीचा सोळाशे वर्षे जुना गाभाच आहे, आपले राज्य या जगाचे नाही असे येशूने पिलातासमोर स्वतःच म्हटले होते, मग त्याचा दोष सत्तेच्या दडपणावर का टाकायचा? आक्षेप योग्य आहे, पण अपुरा आहे. ज्या येशूने पिलाताला ते उत्तर दिले, त्यानेच शिष्यांना प्रार्थना शिकवताना देवाचे राज्य यावे आणि त्याची इच्छा जशी स्वर्गात तशी पृथ्वीवरही पूर्ण व्हावी, असे मागायला सांगितले. दोन्ही वचने शुभवर्तमानांत आहेत आणि दोन्ही प्रमाण आहेत. एक ठळक करायचे आणि दुसरे रोज म्हणूनही त्याचा अर्थ लावायचा नाही, ही निवड त्या त्या काळातली माणसे करतात. पृथ्वीवरच्या मशीहाचा नाद रक्तपाताकडे नेतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. इसवी सन 132 मध्ये बार कोखबाला मशीहा मानून यहुदी रोमविरुद्ध उठले, तीन वर्षांत उठाव चिरडला गेला आणि यरुशलेमेची दारे त्यांना बंद झाली. राज्य स्वर्गात हलवण्यामागे असा कडू अनुभवही आहे. पण ते स्वर्गात हलवल्याने रक्त थांबले असेही नाही. गोव्याचे इन्क्विझिशन मधल्या थोड्या काळाचा खंड सोडता 1812 पर्यंत चालले, आणि त्याच्या न्यायाधीशांचाही राजा वैकुंठातच होता.

‘क्रिस्तपुराणा’चे पुढे काय झाले, यातही या प्रश्नाचा एक धागा आहे. 1616, 1649 आणि 1654 अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. 1684 मध्ये व्हाइसरॉयने देशी भाषेवर बंदीचा हुकूम काढला. ग्रंथ जगला तो हाताने उतरवलेल्या प्रतींतून, आणि 1907 मध्ये सालदान्हा यांनी त्याची आवृत्ती काढली ती मंगळूरला. 1784 मध्ये टिपूने मंगळूरच्या कॅथलिकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले, तेव्हा पाद्री नसलेल्या त्या वर्षांत या पुराणाने त्यांची श्रद्धा टिकवली, अशी त्यांची परंपरा सांगते. बाबेलच्या पाडावाच्या ओव्या खऱ्याखुऱ्या कैदेत म्हटल्या गेल्या असतील, तर स्टीफन्सने वैकुंठात ठेवलेले राज्य तिथे पुन्हा जमिनीवर उतरले असेल. सुटकेची वाट पाहणारा माणूस मशीहाची गोष्ट ऐकतो तेव्हा त्याला आधी बेडी आठवते, स्वर्ग नंतर.

एकोणिसाव्या शतकात मिशन पुन्हा आले, आता प्रॉटेस्टंट. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक 1813 मध्ये मुंबईला पोचले, स्कॉटिश मिशनरी नंतर आले. त्यांना कोकणात एक विलक्षण यहुदी समाज भेटला: मराठी बोलणारे, तेल गाळणारे, शनिवार पाळणारे बेने इस्राएल. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मशीहाविषयीची भाकिते मूळ हिब्रूत वाचली की हे लोक येशूला ओळखतील, अशी मिशनरींची खात्री होती. बेने इस्राएलांनी हिब्रू मनापासून शिकून घेतली, मिशनच्या शाळांचा पुरेपूर लाभ घेतला आणि निष्कर्ष नाकारला; धर्मांतर करणारे अगदी थोडे निघाले. मशीहाच्या आधी संदेष्टा एलिया येणार, ही त्यांची श्रद्धा होती. आजही एलियाहू हनबीच्या नावाने ते मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खोबरे, गूळ, वर फळे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाचा रथ टेकल्याची जागा दाखवतात. 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या या पुस्तकात साड्या नेसलेल्या, जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांची चित्रे आहेत. येशू मशीहा असेल तर जगात शांतता का नाही, तलवारींचे फाळ का झाले नाहीत, हा यहुद्यांचा जुना आक्षेप या लोकांच्या नकारातही आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्राने त्याला मशीहाच्या दुसऱ्या येण्याचे उत्तर दिले आहे. ते उत्तर श्रद्धेला पुरते, पण आक्षेपातली मागणी त्याने फिटत नाही. राज्य आले म्हणता, तर ते दाखवा, ही ती मागणी आहे.

त्याच पुण्यात, हग्गादेच्या एक वर्ष आधी, 1873 मध्ये जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनरींशी त्यांचा स्नेह राहिला, पण बाप्तिस्मा त्यांनी कधी घेतला नाही. ‘गुलामगिरी’त ते येशूला दुसरा बळीराजा म्हणतात. पहिला बळी सर्वांना ठाऊक आहे. वामनाने तीन पावले जमीन मागितली, दोन पावलांत पृथ्वी आणि आकाश व्यापले आणि तिसरे पाऊल बळीच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात दाबले. पुराण ही गोष्ट विष्णूच्या बाजूने सांगते. मराठी शेतकऱ्याच्या घरात मात्र ती उलट्या बाजूने जगत आली आहे. बलिप्रतिपदेला शेणाचा बळी करून दिवा लावायचा, ओवाळताना इडापीडा जावो आणि बळीचे राज्य येवो असे म्हणायचे, ही रीत कुणा पंडिताने शिकवलेली नाही. फुल्यांनी दोन घरांतले दोन विधी समोरासमोर मांडले. दसऱ्याला ब्राह्मणाच्या घरी पिठाचा बळी करून, त्याला मारून, ओलांडून आत जातात, आणि शूद्राच्या घरी बाई दिवा ओवाळून त्याच बळीचे राज्य मागते. एका घरात राजा मारला जातो आणि दुसऱ्या घरात त्याची वाट पाहिली जाते. येशूचे शिष्य क्रुसाखालून परतले त्या संध्याकाळी यरुशलेमेतही हेच चालले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बळीच्या डोक्यावर पाय ठेवणारा तोच वैकुंठीचा स्वामी आहे. स्टीफन्सने ख्रिस्ताला वैकुंठाचे सिंहासन दिले, म्हणजे प्रतिमेच्या भूगोलात त्याला विजेत्याच्या जागी बसवले. फुल्यांनी त्याच ख्रिस्ताला तुडवल्या गेलेल्या राजाच्या बाजूला उभे केले. स्टीफन्सच्या मनात वामनकथा नव्हती, हे उघड आहे; वैकुंठ त्याच्यासाठी स्वर्गाचे नाव होते आणि पुराणे हे त्याला काढून टाकायचे खोटे होते. पण प्रतिमा लेखकाच्या हेतूपेक्षा जास्त ओझे वाहून आणतात. क्रुसावरची पाटी, काट्यांचा मुकुट आणि थट्टेने चढवलेला जांभळा झगा ही पराभूत राजाची चिन्हे आहेत. त्यांच्यासाठी मराठी मनात आधीपासून जागा तयार होती, पण ती पाताळातल्या राजाशेजारी होती आणि वर्षातून एकदा दिवाळीला तिथे दिवा लागत होता. अडीच शतके मिशनला ती जागा सापडली नाही आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या एका माळ्याच्या मुलाला सापडली.

फुल्यांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की त्यांचा येशू हा श्रद्धेचा विषय नाही, ब्राह्मणशाहीवर चालवायचे हत्यार आहे. आमोस आणि यशया वाचलेला माणूस हा आक्षेप घ्यायला कचरेल. गरिबाला जोड्याच्या मोलाने विकणाऱ्यांवर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांवर संदेष्ट्यांनी ओढलेला कोरडा फुल्यांच्या आसुडापेक्षा सौम्य नाही. मशीहाची आशा जन्मली तीच मुळी या रागातून. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: फुल्यांनी इंग्रजी राज्याकडे सुटकेचे साधन म्हणून पाहिले, म्हणजे पोर्तुगिजांनी आपल्या राजाला दिले तेच स्थान त्यांनी नकळत विक्टोरियाला दिले. यात तथ्य आहे. पण ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीपर्यंत सरकारी अंमलदार, सारा आणि कोर्ट यांच्यावरचा त्यांचा विश्वास बराच उडालेला दिसतो. शिवाय इंग्रजाला त्यांनी कधी बळी म्हटले नाही. ते नाव त्यांनी राज्यकर्त्याला दिले नाही, क्रुसावर मेलेल्या माणसाला दिले, आणि मला हा फरक निर्णायक वाटतो.

चर्चच्या आतून याच्या सर्वांत जवळ पोचले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची अनेक वर्षे ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे सेवक होते. त्यांच्या अभंगांतला ख्रिस्त गुरू आहे, आई आहे. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. वरवर पाहता इथे राजा पुरता नाहीसा झालेला दिसतो, आणि या प्रेमळ प्रतिमेने मशीहाची धार बोथट केली, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. कवितेपुरते पाहिले तर ते खरेही वाटेल. पण टिळकांनी शेवटच्या काळात काय केले, तेही पाहावे. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही शिष्य म्हणून बसणार होते; गोऱ्या मिशनरीचा हुकूम तिथे चालणार नव्हता. भक्तीच्या भाषेत विरघळलेला राजा असा दरबाराच्या रूपाने साताऱ्याच्या जमिनीवर परत आला. मे 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार वाढू शकला नाही. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले आणि ते 1938 मध्ये, त्यांच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. ग्रंथ राहिला, दरबार राहिला नाही, आणि मराठी चर्चचे यात मोठे नुकसान झाले असे मला वाटते.

अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांत दुष्काळाच्या वर्षांत हजारो महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. ते भाकरीसाठी ख्रिस्ती झाले, असे हिणवून सांगितले जाते. ज्या राज्याच्या प्रार्थनेतच रोजची भाकरी मागितली आहे, त्या राज्याकडे भुकेला माणूस भाकरीसाठी वळला, तर त्याने प्रतिमेचा चुकीचा अर्थ लावला असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? त्यांनी मशीहाचे राज्य अगदी जुन्या अर्थाने घेतले: पोट भरेल, पोर शाळेत जाईल, पाण्यावर कुणी हटकणार नाही. चर्चने त्यांना शाळा दिली, दवाखाना दिला, आणि त्याबद्दल मिशनचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण जातीबाहेर सोयरीक करताना चर्चमध्येही अजून कपाळाला आठ्या पडतात, आणि गावाने तर त्यांची जात कधी पुसलीच नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना अजून मिळालेला नाही. यासाठी सरकारकडे मागणी करणे रास्तच आहे आणि ती होत राहिली पाहिजे. पण त्या मागणीचा अर्ज लिहिणाऱ्या मराठी चर्चने आपल्या सोयरिकींच्या आणि आपल्या पंचमंडळांच्या याद्याही काढून पाहाव्यात, आणि दर रविवारी पृथ्वीवर जे राज्य यावे म्हणून ते मागते, ते त्या याद्यांत किती आले आहे हे आपल्या लोकांना उघड सांगावे.